पावडऱ्या आणि भाकऱ्या

म्हाळूला पुडीतल्या, डब्यातल्या आणि बाटलीतल्या कुठल्याच गोष्टीवर भरोसा नव्हता. त्याचा भरोसा फक्त स्वतःच्या उजव्या हातावर. वडवणीच्या बाजारात बाकीचे लोक शेळीचे दात बघायचे, खूर बघायचे, शेपूट उचलून बघायचे. म्हाळू नुसता पाठीवरून एकदा हात फिरवायचा आणि सांगायचा, "हिची उपासमार झालीय. बाजारात आणायची म्हणून आठ दिस पेंड चारलीय, बस." विकणारा मग गुमान भाव खाली आणायचा. साठ मेंढरं आणि आठ शेळ्या सांभाळणाऱ्या माणसाला एवढी मिजास शोभतेही.

तर अशा माणसाच्या पोरीनं एके सकाळी एक चकचकीत पुडी आणून त्याच्या घोंगडीवर ठेवली. पुडीवर एका गड्याचं चित्र होतं. अंगात सदरा नाही, आणि एकेक दंड म्हाळूच्या मांडीएवढा.

"हा कोन?" म्हाळूनं विचारलं.

"कुणी न्हाई आबा, नुसतं चित्र हाय," अंजू म्हणाली. "प्रोटीन पावडर हाय ही. सरांनी दिलीय. पंधरा दिस घेऊन बघ म्हणले, फरक पडला तर मोठा डबा घ्यायचा."

सर म्हणजे विजयसिंह सर. वडवणीत त्यांची पोलीस भरतीची अकॅडमी. अंजू रोज पहाटे साडेचारला उठून, वस्तीपासून तीन किलोमीटर चालत त्यांच्या मैदानावर जायची. तिथं पळायची, गोळा फेकायची, आणि ऊन चढायच्या आत परत यायची. मागच्या भरतीत तिचा लेखी पेपर चांगला गेलता, पळणंही बरं झालतं, पण गोळ्यानं घात केला आणि दोन मार्कांनी राहिली. दोन मार्क म्हणजे किती, तर गोळा अजून हातभर पुढं पडला असता तर आज ती वर्दीत असती. यंदाचं ग्राउंड, म्हणजे पळण्याची आणि गोळ्याची परीक्षा, चाळीस दिवसांवर आलं होतं. आणि यंदा नाही झालं तर पोरीचं लग्न उरकून टाकू, असं म्हाळूनं स्वतःच्या तोंडानं भावकीत सांगून ठेवलं होतं. पोरगी त्याच्यावर एक शब्द बोलली नव्हती. नुसती पहाटे साडेचारच्या ऐवजी चारला उठायला लागली होती.

"यात असतंय काय?" म्हाळूनं पुडी हुंगली.

"दुधातलं सत्त्व असतंय म्हणं. दुधात कालवून प्यायची."

"दुधातलं सत्त्व काढायचं आन परत दुधातच घालायचं? मग काढलं कावून?"

तेवढ्यात चुलीपुढून अंजूची आई रतनबाई बोलली. तिचा आवाज आधीच चढलेला होता. पोरीला बाहेरचं काहीतरी खायला सांगितलंय एवढंच तिच्या कानावर पडलं होतं, आणि तेवढं पुष्कळ होतं.

"कावून? माझ्या भाकरीला काय धाड भरलीय का? ह्याच भाकरीवर तुमचा बाप नव्वदीला टेकला. ह्याच भाकरीवर नाथा एवढा रेडा झाला."

नाथा म्हणजे थोरला. पंचविशीचा, टेम्पोवर ड्रायव्हर. तो बाजेवर पडल्या पडल्या पुडीवरच्या चित्राकडं बघत होता आणि मधेच स्वतःचा दंड चाचपून बघत होता. रेडा म्हणलेलं त्याला लागलं नाही.

"सरांच्या अकॅडमीतली दीपमाला घेते," अंजू हळूच म्हणाली. "तिचा गोळा सहा मीटरच्या पुढं जातोय. माझा पाचाच्या आतच पडतोय. शेवटच्या फेरीला मला अंधारी येती आबा."

"पळायची सवय झाली की जाईल अंधारी," म्हाळू म्हणाला, आणि पुडी उचलून त्यानं स्वतःच्या उशाशी ठेवली. "एकदम पोरीच्या पोटात न्हाई घालायची. आधी जनावरावर बघू."

आता हे ऐकून तुम्ही हसाल, पण म्हाळूच्या हिशेबानं यात हसण्यासारखं काही नव्हतं. नवा पाला असो, नवी पेंड असो, नाहीतर सरकारी दवाखान्यातलं औषध असो, आधी एका जनावराला द्यायचं, वाट बघायची, आणि मगच कळपाला दाखवायचं. ही त्याच्या बापाची रीत, बापाच्या बापाची रीत. या रीतीनं त्याचा कळप तीन साथींतून वाचला होता. एवढी पारखलेली रीत पोटच्या पोरीसाठी वापरायची नाही, तर मग कुणासाठी वापरायची?

"आबा, ते माणसाचं हाय," अंजू म्हणाली.

"माणूस काय येगळा असतोय? भूक लागली की वरडतो, पोट भरलं की गप बसतो."

"पंधरा दिस बघण्यात गेले तर माझ्याकडं पंचवीसच उरतेत."

"पंचवीस लई झाले," म्हाळू म्हणाला आणि विषय संपला.

काळ्या शेळीला जुळी करडं होती. दोन्ही बोकड, दोन्ही महिन्याभराची, एका आईची, एका दुधाची. म्हाळूनं दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, मग लिंबाच्या फांदीला काटा टांगून दोघांना झोळीत घालून तोललं. जवळजवळ सारखी. एकाच्या गळ्यात त्यानं लाल चिंधी बांधली. लाल चिंधीवाल्याला रोज सकाळी बाटलीतून चमचाभर पावडर, दुसऱ्याला काही नाही. एखाद्या कृषी विद्यापीठात सुद्धा याहून चोख काम झालं नसतं.

शेजारचा पंडित दुसऱ्या दिवशीच बघायला आला. पंडितला स्वतःची चार एकर होती, पण शेतात जायच्या आधी दहा घरी चक्कर मारल्याशिवाय त्याला जेवण पचत नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि जागच्या जागी करडांचं बारसं केलं. लाल चिंधीवाला पावडऱ्या, दुसरा भाकऱ्या. दिवस मावळायच्या आत नावं वस्तीभर झाली. पारावर चहाची पैज लागली. म्हातारे भाकऱ्याच्या बाजूनं, तरणे पावडऱ्याच्या.

पावडऱ्याला ती चव लई आवडली. चॉकलेटचा वास होता तिला. तिसऱ्या दिवसापासून त्यानं आईकडं बघणं सोडलं आणि हातात बाटली दिसेल त्या माणसामागं पळायला लागला. पंडित सकाळी टमरेल घेऊन निघाला तर त्याच्या मागंसुद्धा निम्म्या रानापर्यंत गेला.

"म्हाळू, बोलव बे ह्याला," पंडित बाभळीआडून ओरडला. "मला बसू दे."

आठव्या दिवशी पुन्हा काटा टांगला. पंधरा-वीस माणसं जमली. पावडऱ्या चांगला वाढला होता. तरण्यांनी शिट्ट्या मारल्या. मग भाकऱ्याला झोळीत घातलं, तर तोही तेवढाच वाढला होता. रतनबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

म्हाळू चक्रावला. पावडरीनं वाढ होते म्हणावं, तर भाकऱ्या कशानं वाढला? पावडरीनं होत नाही म्हणावं, तर आठ दिवसांत एवढी वाढ त्याच्या जिंदगीत कुठल्या करडानं दाखवली नव्हती.

"भाकऱ्या त्याच्याकडं बघून बघूनच वाढला असंल," पंडित म्हणाला.

अंजू नुकतीच मैदानावरून आली होती. ओढणीनं घाम पुसत ती गर्दीच्या मागं उभी होती. "आबा, कळलं का काही?"

"थांब, अजून सात दिस हायत."

"बत्तीस उरले," अंजू म्हणाली. मग ती आत गेली, टोपलीत जे होतं ते खाल्लं आणि शेळ्यांना पाला आणायला निघून गेली. तिच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता, सगळे भाकऱ्याची पाठ चाचपत होते.

दहाव्या दिवशी सकाळी पावडऱ्या उठलाच नाही. डाव्या अंगानं पोट टम्म फुगलेलं, चारी पाय ताणलेले, डोळे वर. म्हाळूनं पोटावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. साथीच्या वेळीही कधी घाबरला नव्हता तो माणूस, पण आता त्याच्या कपाळाला घाम फुटला. करडासाठी नव्हे. हेच आपण पोरीला पाजणार होतो, हा विचार त्याच्या डोक्यात आला.

"नाथ्या, डॉक्टरला फोन लाव."

गुरांचे डॉक्टर भागवत फटफटीवरून आले. पोक्त माणूस, मोठ्या मिशीचा, घाई कशाची नाही. त्यांनी करडाचं पोट वाजवलं, गोडंतेल मागितलं, बाटलीनं ते थोडं थोडं पाजलं, आणि अंजूला करडाचे पुढचे पाय उचलून धरायला लावून स्वतः पोट चोळत बसले. चोळता चोळता विचारलं, "काय चारलंत?"

म्हाळूनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुडी, जुळी करडं, लाल चिंधी, काटा. भागवत डॉक्टर ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. हातातली बाटली खाली ठेवून ते इतके हसले की फटफटीला टेकावं लागलं.

"म्हाळूआबा, रवंथ करणारं जनावर हाय हे. ह्याच्या पोटात चार खण, तुमच्या लेकीच्या पोटात एक. ह्याच्यावरनं तिचं कसं कळंल?" मग ते थांबले. "पण एक चमचा पावडरीनं एवढं फुगायला नको. पुडी दाखवा."

पुडी आणली. डॉक्टरांनी चिमूटभर तळहातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली. आणि म्हाळूकडं बघितलं.

"हे तर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ हाय. वरून थोडा वास हाय पावडरीचा, बस."

म्हाळूनं हळूहळू मान वळवली. बाजेवर बसलेला नाथा उठून टेम्पोकडं निघाला होता.

"नाथ्या."

"आबा, मी रोज थोडीच घेतली," नाथा तिथूनच म्हणाला. "दंड होतेत का बघावं म्हणलं. मग पुडी रिकामी दिसायली म्हणून आईच्या डब्यातलं पीठ टाकलं. करडाला काय कळतंय."

"करडाला कळलं की," डॉक्टर म्हणाले. "आन हा दुसरा? ह्यानं काय खाल्लं? ह्याचं तर मोठ्या बोकडासारखं अंग भरलंय."

"त्याला काहीच न्हाई," म्हाळू म्हणाला.

"अंहं. पेंड खाल्लीय ह्यानं."

आता रतनबाईची पाळी होती. तिनं आधी लिंबाकडं बघितलं, मग आभाळाकडं, मग म्हणाली, "दिली असंल मूठभर. सकाळ-संध्याकाळ. कोरभर भाकर बी दिली. पावडरीपुढं माझ्या भाकरीनं हार खावी का? माझी काही इज्जत हाय का न्हाई?"

कुंपणापलीकडं उभा असलेला पंडित खाली बसला. पारावरच्या पैजेचा सगळा निकालच लागला होता. डॉक्टर डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत. म्हाळूला आधी राग आला, मग शरम वाटली, आणि मग नाइलाजानं त्यालाही हसू यायला लागलं. दहा दिवस वस्तीला शहाणपण शिकवत होता तो.

"म्हणजे बघा," डॉक्टर बोटं मोजायला लागले. "पावडर नाथानं खाल्ली. डाळीचं पीठ ह्या बिचाऱ्यानं खाल्लं. पेंड आन भाकर त्यानं खाल्ली. आन जिच्या पायी हे सगळं चाललंय, ती काय खायलीय?"

अंजू करडाचे पाय धरून खाली बसली होती. सगळे आपल्याकडं बघतायत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"मी काय, खातेच की," ती म्हणाली.

"काय खातेस, बाळ?"

"पहाटे कोरा चहा. पळून आल्यावर टोपलीत असंल ती भाकर. चटणी असती."

"किती भाकर?"

"असंल तेवढी. अर्धी. कवा एक."

"रात्री?"

"रात्री पण सगळ्यांचं झाल्यावर, असंल तेवढी."

"आठ शेळ्या हायत दारात. दूध?"

"दूध हाटेलाला जातंय," अंजू म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

म्हाळूचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यानं रतनबाईकडं बघितलं. "तू काय करती मग? लेकराच्या पोटाकडं तुझं लक्ष न्हाई?"

"माझं?" रतनबाई म्हणाली. तिचा आवाज या वेळी चढला नाही. "तुमी जेवून उठल्यावर कवा मागं वळून बघितलं का, टोपलीत काय उरलंय म्हणून? मी बी तिच्यासंगंच बसते जेवायला. माझ्यातली तिला देते. ती घेत न्हाई."

करडानं तेवढ्यात मोठा ढेकर दिला, आणखी एक दिला, आणि पाय झाडून उभं राहिलं. पंडितनं तिकडून टाळी वाजवली, पण कुणी साथ दिली नाही म्हणून तो गप बसला. अंजू उठायला लागली. तिला आधार द्यायला म्हणून म्हाळूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. उजवाच हात तो. ओढणीखालून कण्याचा एकेक मणका त्याच्या बोटांना लागला. बाजारात असं जनावर कुणी दाखवलं असतं तर त्यानं मालकाला चारचौघांत चार शब्द सुनावले असते. त्यानं हात मागं घेतला आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

"पावडरीचं काय मग, डॉक्टर?" त्यानं विचारलं. "द्यावी का न्हाई?"

"मी गुरांचा डॉक्टर, आबा. माणसांचं माणसांच्या डॉक्टरला इचारा." भागवत डॉक्टरांनी फटफटीला किक मारली, मग परत बंद केली. "पण एवढं सांगतो. ते इष न्हाई. पोटभर जेवणाऱ्यानं वरून घेतलं तर घेऊ द्या. पोटात काही नसताना नुसता त्या पुडीचा उपयोग न्हाई. दूध हाटेलाला द्यायचं आन दुधाची पावडर घरी आणायची, हे मला तरी कुठं बघायला भेटलं न्हाई."

त्या दिवशी हाटेलाचं दूध गेलं नाही. तानाजी हाटेलवाल्याचे दोन फोन आले, म्हाळूनं उचलले नाहीत. नाथाला त्यानं विजयसिंह सरांकडं पाठवलं, पुडीत काय होतं आणि कुठं गेलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायला. मोठा डबा घ्यायचा का, ते पंधरा दिवसांनी बघू, असाही निरोप दिला.

दिवस मावळायला रतनबाईनं ताट वाढलं आणि नेहमीसारखं म्हाळूपुढं ठेवलं. भाकरी, मटकीची उसळ, आज तांब्याभर दूध. म्हाळूनं ताट उचललं आणि अंजूपुढं ठेवलं.

"आबा, तुमी जेवा आधी."

"बस."

अंजू अवघडून बसली. तिला पहिल्यांदा ताटावर बसायची सवय नव्हती, कुठल्या हातानं सुरुवात करावी असं झालं तिला. दोन भाकरी खाल्ल्या आणि ती थांबली.

"पोट भरलं?"

"भरलं."

"भरलं, का ठेवली?"

तिनं टोपलीकडं बघितलं. "आई राहिलीय. नाथादादा राहिलाय. तुमी बी."

"आमचं मी बघतो. तुला भूक हाय का न्हाई, तेवढंच सांग."

अंजूनं तिसरी भाकर घेतली. मग चौथी. आता ती मान खाली घालून भराभरा खात होती, दुधात भाकर कुस्करत होती, मधे एकदा ठसका लागला तरी थांबली नाही. नाथा दारात येऊन उभा राहिला, काहीतरी चेष्टा करायला त्यानं तोंड उघडलं, आणि न बोलताच बाहेर गेला. टोपलीतली शेवटची भाकर संपली तेव्हा अंजूनं वर बघितलं. चोरी सापडल्यासारखा चेहरा होता तिचा.

"आबा, आणखी एक भेटंल का?"

बावीस वर्षांत पोरीनं त्याच्याकडं खायला मागितलं ते पहिल्यांदाच. म्हाळूनं रतनबाईकडं बघून मान हलवली. रतनबाईनं पिठाचा डबा परत खाली काढला आणि परातीत पीठ घेतलं.